न घडलेल्या गोष्टींची वही

धुळ्याच्या तुरुंगात सव्वीस वर्षं मी
वर्तनाच्या रजिस्टरात दोनच शब्द लिहिले :
बरे. वाईट.
तिसऱ्याला रकाना नव्हता,
आणि मलाही कधी तो लागला नाही.

मग एका मंगळवारी वैजयंती बोरसे आल्या,
साक्रीच्या एसटीतून उतरून, पदरानं मान पुसत.
झडतीत पिशवीतून निघालं काय,
तर पाण्याची बाटली आणि घडी केलेला रुमाल.
ना गोळ्या, ना पोथी, ना देवाचा फोटो.
आम्ही हसलो. ही बाई
माणसं सरळ करणार कशानं?

चिंचेखाली दोन खुर्च्या मांडल्या,
एकीच्या लंगड्या पायाखाली कौलाचा तुकडा.
मी दहा पावलांवर उभा :
ऐकू येऊ नये इतका लांब,
धावता यावं इतका जवळ.

पहिला रेलसिंग पावरा. शिरपूरच्याही वरचा, सातपुड्यातला.
संध्याकाळच्या मोजणीला गजांवर थाळी आपटणारा,
दोनदा दुसऱ्याचे दात पाडलेला,
एकदा स्वतःचंच कपाळ.
तीन मंगळवार तो मुंग्या बघत बसला.
बाईही बसल्या.
मी घड्याळाशी बोलत होतो :
गप्प बसायचाही पगार मिळतो म्हणायचा!
चौथ्या मंगळवारी बाई जरा मोठ्यानं म्हणाल्या,
म्हणून मला ऐकू आलं,
"घाई नाही. तुमच्याच बोलीत सांगा."
आणि तो चाळीस मिनिटं बोलला.
बाईंना त्यातलं पावशेर कळलं असेल.
बाकीचं त्यांनी नुसतं धरून ठेवलं,
दुसऱ्याचं लेकरू धरतात तसं.

धुडकू महाले, वय सदुसष्ट,
दर चैत्रात भाकरी भिरकावायचा.
आम्हाला वाटे, भाकरी कच्ची असते.
त्यानं खुर्चीत बसून एकच वाक्य सांगितलं :
"मनी पोर आखाजीले येई का नई, काय माहीत."
दर मंगळवारी तेच. रडायचा,
मग उठून जेवायचा.

मे महिना. हौदापाशी रांग,
पत्रा असा तापलेला की सावलीही पोळते.
कुणीतरी रेलसिंगची बादली लाथाडली.
त्याचा हात वर गेला.
माझी शिट्टी ओठांत.
हात तिथंच थांबला,
खोलीत येऊन माणूस विसरतो ना
आपण कशाला आलो, तसा.
मग खाली आला. बादली उचलली.
रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

आता हे लिहू कुठं?
रजिस्टरात घडलेलंच लिहितात.

पाचकंदीलवरून चाळीस पानी वही आणली.
बारा मे : हात. वर गेला, खाली आला.
एकोणीस मे : धुडकूची भाकरी ताटातच.
दोन जून : बराक तीनमध्ये रात्रभर काही नाही.

सगळंच गोड नाही, तेही सांगतो.
श्रावणात दोन नंबरात डोकी फुटली,
आणि त्यात एक जण खुर्चीत बसून गेलेलाच होता.
बाई त्या दिवशी पाण्याचा घोटही न घेता गेल्या.
ते मोठ्या रजिस्टरात आहे, तांबड्या शाईत.
साहेबांनी तेवढंच वाचलं.

मार्चअखेर कंत्राट संपलं.
खुर्च्या कचेरीत गेल्या. एकीवर आता फायली बसतात.
कौलाचा तुकडा चिंचेखाली तसाच.

परवाच्या मंगळवारी नवा पोरगा आला,
एकोणीस वर्षांचा, धडगावकडचा.
आल्यापासून थाळी बडवत होता.
दुपारी बघतो तर त्याच्यासमोर
पालथ्या बादलीवर रेलसिंग.
किती तरी वेळ दोघं मुंग्या बघत.
मग रेलसिंग त्यांच्या बोलीत दोन शब्द बोलला.
मला कळले नाहीत.
पण त्यानंतर तो जसा थांबला,
ते थांबणं मी ओळखलं.

मी दहा पावलांवर होतो. अकरावं मागं घेतलं.

संध्याकाळी मोजणीची घंटा झाली.
वही उघडून, कान देऊन उभा होतो मी,
गजांजवळ, बराच वेळ.